गोडाऊनचा पत्रा वर्षातून किती तास ओला असतो?

चाकण, तळेगाव, वाघोली, सणसवाडी, रांजणगाव... पुण्याभोवती जिथं नजर टाकावी तिथं पोलादी शेड दिसतात. त्यांतल्या काही पंधरा वर्षांत जर्जर होतात, तर काही चाळीस वर्षांनीही ठणठणीत असतात. शेड टिकवायची म्हटलं की मालक आधी विचारतो, "रंग कुठला मारू?" मला वाटतं, त्याआधी विचारायला हवं ते हे की इमारतीचा कोणता भाग वर्षातून किती तास ओला राहतो.

कोरड्या हवेत लोखंड जवळजवळ गंजतच नाही. पृष्ठभागावर पाण्याचा थर बसावा लागतो, मग तो डोळ्यांना न दिसण्याइतका पातळ असला तरी चालतो. तो बसला की एका जागचे लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतात आणि शेजारच्या जागी हवेतला ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन उचलतो. एका पत्र्यावर असे असंख्य सूक्ष्म विद्युतघट एकाच वेळी चालू असतात. म्हणून गंजाचा अभ्यास करणारे पावसाच्या मिलीमीटरपेक्षा ओलेपणाचे तास मोजतात: तापमान शून्याच्या वर आणि हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर, असे वर्षातले एकूण तास. मीठ किंवा खताची भुकटी बसली असेल तर याहून कमी आर्द्रतेतही पृष्ठभाग ओलसर राहतो. उरणच्या शेडला समुद्राचं मीठ छळतं. आपल्याकडे सह्याद्री आडवा असल्यामुळे ते फारसं पोचत नाही, पण धूळ भरपूर, आणि धूळ ओल धरून ठेवते.

यामुळेच उन्हापावसात उघडा असलेला पत्र्याचा वरचा भाग पुष्कळदा सुस्थितीत असतो. पाऊस तो धुतो आणि ऊन लगेच वाळवतं. खरा धोका दडलेल्या जागांत असतो. दोन पत्र्यांचा जोड, पर्लिनच्या (पत्रा ज्यावर बसतो त्या आडव्या पट्टीच्या) वळलेल्या कडेत साचलेली माती, पानं आणि कबुतरांची विष्ठा भरलेलं गटर या त्या जागा.

आत न गळता पडणारं पाणी हा त्याहून फसवा प्रकार. दिवाळीनंतर आकाश निरभ्र झालं की रात्री छपराचा पत्रा आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही काही अंशांनी थंड होतो. आत माल, माणसं, ओलसर पुठ्ठे आणि नुकतीच धुतलेली फरशी. आतली हवा २२ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर साधारण १६ अंशांच्या खाली गेलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी सुटतं. थंड पाण्याने भरलेला तांब्या बाहेरून ओला होतो, तेच इथं छताला आतून होतं. सकाळी खोक्यांवर थेंब दिसले की छपरावर माणूस चढवून डांबर लावलं जातं, आणि थेंब काही थांबत नाहीत. उपाय वायुवीजनाचा आहे. खालून हवा आत यायला जागा आणि छपराच्या कण्यावर ती बाहेर पडायला वाट हवी, नुसते टर्बो (छपरावरचे वाऱ्याने फिरणारे पंखे) बसवून दारं-खिडक्या बंद ठेवल्या तर ते ओढणार काय? पत्र्याखाली इन्सुलेशन घातलं तर त्याच्या आतल्या बाजूचा बाष्परोधक थर अखंड हवा. तो फाटला की आतला कापूस भिजतो आणि महिनोन्‌महिने पत्र्याला ओला चिकटून राहतो.

आता खाली वाका आणि खांबाचा पाया बघा, विशेषतः डॉकजवळचा, म्हणजे माल चढवायच्या-उतरवायच्या जागेजवळचा. फरशी धुतलेलं पाणी तिथंच जातं, फोर्कलिफ्टच्या धक्क्याने रंगाचा टवका तिथंच उडतो. फरशीचं काँक्रीट जिथं पोलादाला भिडतं, तिथं केसाएवढी फट असते. त्या फटीत पाणी शिरतं आणि बाहेर पडत नाही. आधी एक तपकिरी रेघ दिसते, मग रंगाला फुगवटा येतो. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा घेतो, त्यामुळे तो रंग उचलतो आणि बेस प्लेटखाली, म्हणजे खांबाच्या तळाच्या जाड पोलादी पाटाखाली, पाचर मारल्यासारखा जोर लावतो. नवीन बांधताना बेस प्लेट फरशीच्या वर काढलेल्या पेडेस्टलवर (काँक्रीटच्या ओट्यावर) घ्यावी आणि ग्राउटला (प्लेटखाली भरलेल्या सिमेंटच्या मसाल्याला) बाहेरच्या बाजूला उतार द्यावा. खर्च किरकोळ आहे आणि पुढं खांब कापून जोडण्याची पाळी टळते.

पत्र्याचं संरक्षण मुख्यतः जस्तावर चालतं. २७५ ग्रॅमचा गॅल्व्हनाइज्ड पत्रा म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला २७५ ग्रॅम जस्त, एका बाजूला जेमतेम २० मायक्रॉन, म्हणजे मिलीमीटरचे वीस हजारांश. लोखंडाआधी जस्त स्वतः झिजतं, ओरखड्याच्या जागीसुद्धा. मध्यम प्रतीच्या औद्योगिक हवेत ते वर्षाला साधारण एक ते दोन मायक्रॉन जातं, मग हिशोब ज्याचा त्याने करावा. गॅल्व्हल्युम पत्र्याच्या मुलाम्यात जस्ताबरोबर ५५ टक्के ॲल्युमिनियम असतं आणि ते बरंच जास्त टिकतं, पण ओल्या सिमेंटचा शिंतोडा त्याला सोसत नाही. एसीच्या तांब्याच्या नळीवरून ठिबकणारं पाणी तर दोन्ही पत्र्यांना खातं.

शंभर मीटर लांबीचं छप्पर ४० अंशांच्या फरकाने सुमारे ४८ मिलीमीटर लांब होतं. पुण्यातल्या उन्हाळ्यात तापलेला पत्रा आणि पहाटेचा पत्रा यांच्यात एवढा फरक सहज पडतो. रोजच्या या ओढाताणीत स्क्रूची भोकं लांबट होतात, रबरी वॉशर कडक होऊन तडकतो. छप्पर गळायला लागलं म्हणून अख्खा पत्रा बदलण्याआधी वॉशर तपासा. सोलरवाले आणि सीसीटीव्हीवाले भोकं पाडून गेले असतील तर तीही पाहा. ड्रिलची चुरी पत्र्यावर तशीच राहिली असेल तर पहिल्या पावसातच तिचे डाग पडतात, त्यामुळे ती त्याच संध्याकाळी झाडून घ्यावी.

रंगाचं म्हणाल, तर डब्यावरच्या नावापेक्षा रंगाखालचं पोलाद महत्त्वाचं. वाळूफवाऱ्यासारख्या ब्लास्टिंगने स्वच्छ केलेल्या पृष्ठभागावर काही तासांतच प्रायमर चढला पाहिजे, आणि त्या वेळी पोलादाचं तापमान दवबिंदूच्या (ज्या तापमानाला हवेतलं पाणी सुटू लागतं त्याच्या) किमान तीन अंश वर हवं. भर आषाढात उघड्यावर उरकलेलं रंगकाम म्हणूनच पापुद्र्यांनी निघतं. धारदार कडांवरून रंग मागे सरकतो, त्यामुळे कडांना, वेल्डला आणि बोल्टला ब्रशने एक जादा हात द्यावा. रेड ऑक्साइडच्या एका हातावर पाऊस काढायचा बेत मला धोक्याचा वाटतो.

गंजाइतकंच ब्रेसिंगकडेही, म्हणजे सांगाडा ताठ धरणाऱ्या तिरक्या सळयांकडेही, लक्ष द्या. नवं शटर बसवायला वाटेत येते म्हणून तिरकी सळई कापलेली मी पाहिली आहे. भारतीय मानकात पुण्यासाठी मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटर धरतात. वळवाच्या वाऱ्यात मोठं दार उघडं राहिलं तर आतला दाब छताला खालून उचलतो, आणि तो जोर जमिनीपर्यंत पोचवायचं काम याच सळयांचं असतं.

तपासणीला वर्षातले दोन दिवस पुरतात. मृग लागण्याआधी गटरं साफ करायची, पर्लिनवरची माती काढायची, स्क्रू आवळायचे. आणि खंडेनवमीला मशिनं पुसली जातात, त्याच दिवशी छताला आतून टॉर्च मारून ओलीचे डाग बघायचे आणि प्रत्येक खांबाच्या पायाचा फोटो काढून ठेवायचा, गेल्या वर्षीच्या फोटोशेजारी ठेवून बघता येईल अशा बेताने, त्याच कोनातून.