आचके म्हणजे श्वास नव्हे

१९५८ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गाय निकरबॉकर हा तरुण इंजिनिअर कुत्र्यांवर प्रयोग करत होता. विजेचा झटका देणारी जड पॅडल्स छातीवर दाबली, की झटका देण्याआधीच रक्तदाब किंचित वर सरकतो, हे त्याच्या लक्षात आलं. हृदय तर नीट धडधडत नव्हतं. रक्त पुढे ढकलत होता तो नुसता दाब! १९६० मध्ये त्याने कौवेनहोवेन आणि ज्यूड या सहकाऱ्यांबरोबर बाहेरूनच छाती दाबण्याची ही पद्धत प्रसिद्ध केली. तोवर थांबलेलं हृदय चालवायला बहुधा छाती उघडून ते हातांनी दाबावं लागे. आजच्या सीपीआरचा, म्हणजे छाती दाबून रक्त फिरतं ठेवण्याच्या प्रथमोपचाराचा, पाया तो.

आपल्याकडे घोटाळा होतो तो हृदय थांबलंय हे ओळखण्यात. हृदय थांबल्यावरही काही मिनिटं माणूस आचके देतो. भोवतीचे म्हणतात, "श्वास चालू आहे, कांदा हुंगवा, पाणी पाजा." पण ते आचके म्हणजे रक्तावाचून तडफडणाऱ्या मेंदूची धडपड असते. मोठ्याने हाक मारूनही हालचाल नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढं दिसलं की पुरे. नाडी शोधत बसू नका. १०८ किंवा ११२ लावून फोन स्पीकरवर ठेवा आणि छाती दाबायला लागा.

माणूस कडक जमिनीवर उताणा, तळहाताचा मनगटाजवळचा भाग छातीच्या मधोमध, त्यावर दुसरा हात, कोपरं ताठ. मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली जायला हवी, मिनिटाला १०० ते १२० वेळा. सरावाच्या पुतळ्यावर शिकताना माझं चुकलं ते वर येताना: मी हातांवर रेललेलाच राहायचो. छाती पूर्ण वर आली तरच हृदय पुन्हा रक्ताने भरतं. हृदयाच्या स्वतःच्या स्नायूलाही रक्त मिळतं ते मुख्यतः त्याच क्षणी. दोन मिनिटांत घामाघूम झालो, म्हणून माणसं आलटूनपालटून हवीत. बरगडी मोडली तरी थांबायचं नाही.

घशात घास अडकला असेल आणि खोकता येत असेल, तर खोकू द्या. आवाजच फुटत नसेल तर "वर बघ" म्हणत टाळू थोपटून काही होत नाही. पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये ५ जोरदार थापा मारा. तरी निघाला नाही तर मागून कवेत घेऊन, बेंबीच्या जरा वर मूठ ठेवून, आत आणि वर ५ झटके. फुप्फुसातली हवा घासाला बुचासारखी उडवते. गरोदर बाईचं आणि वर्षाच्या आतल्या बाळाचं पोट मात्र दाबायचं नाही, छाती दाबायची. बाळाला आधी पालथं, डोकं खाली धरून पाठीवर थापा. माणूस बेशुद्ध पडलाच, तर जमिनीवर निजवून छाती दाबायला घ्या.