देखणीला मांडो म्हणू नका

गोव्यात पाहुण्यांपुढे कोकणी गाण्यांचा कार्यक्रम सादर होतो, तेव्हा निवेदक हमखास 'आता ऐकूया गोव्याचा सुप्रसिद्ध मांडो' असे जाहीर करतो आणि लगेच 'हांव सायबा पलतडीं वेतां' सुरू होते. मांडवीतल्या पर्यटक बोटींवर हे घडते, महोत्सवांच्या व्यासपीठांवर घडते आणि मराठी पुरवण्यांतल्या लेखांतही तेच छापून येते. ते गाणे मांडो नाही, देखणी आहे. दोन्ही प्रकार कोकणीत आहेत, दोन्ही गोव्यातल्या ख्रिस्ती समाजात रुजले आणि दोन्हींना घुमट या मातीच्या तालवाद्याची साथ असते, हे खरे. पण तेवढ्यावरून त्यांना एक मानणे हे नाट्यगीत आणि लावणी दोन्ही मराठीत असतात म्हणून त्यांना एक मानण्यासारखे आहे.

देखणीची चाल मराठी वाचकाला पाठ असते. राज कपूर यांच्या १९७३ सालच्या 'बॉबी' या चित्रपटाने ती घराघरांत पोहोचवली, आणि 'घे घे घे' हे शब्द ऐकले की पुढची ओळ आपोआप ओठांवर येते. मूळ गाणे त्याहून बरेच जुने आहे. कार्लोस एउजेनियो फेरेरा (१८६०–१९३२) यांची ही रचना १८९५ मध्ये पॅरिसमध्ये छापली गेली. दामूच्या लग्नाच्या मांडवात नाचायला निघालेली कलावंतीण नदीच्या अलीकडे उभी आहे, तिला वाट ठाऊक नाही, ती नावाड्याला पलीकडे नेण्याची विनवणी करते, अंगावरचा एकेक दागिना काढून देऊ करते आणि नावाडी दर वेळी 'म्हाका नाका गो' म्हणतो. चित्रपटाने ही सगळी देवघेव प्रेमाच्या सौद्याकडे वळवली आणि कलावंतीण त्यातून नाहीशी झाली. देखणीविषयी याहून अधिक प्रास्ताविक नको.

वेशभूषेचे फरक चटकन सांगून टाकतो. मांडोत स्त्रिया आणि पुरुष समोरासमोर दोन रांगांत उभे राहून संथ पावले टाकतात, स्त्रियांच्या अंगावर पानो भाजू असतो आणि हातात पंखा असतो. देखणी फक्त स्त्रिया नाचतात, केसांत फुले माळून आणि पायांत घुंगरू बांधून. पाठ्यपुस्तकांत आणि माहितीपत्रकांत एवढेच दिलेले असते. पण पोशाख बदलून कोणतेही गाणे कशावरही नाचता येते आणि हल्ली तसे सर्रास केले जाते, म्हणून या खुणांवर विसंबून राहू नये.

खरा फरक, ज्यात जाणकार म्हणवणारेही चुकतात, तो गाण्यातून बोलणारे माणूस कोण आहे हा आहे. मांडोत रचनाकार स्वतःच्या जगातून बोलतो. एकोणिसाव्या शतकात दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत, कुडतरी, लोटली, राय, बाणावली या गावांतल्या जमीनदार ख्रिस्ती घराण्यांच्या दिवाणखान्यांत हा प्रकार आकाराला आला. ज्या घरात तो रचला गेला त्याच घरातल्या माणसांचे प्रेम, विरह, ताटातूट आणि विलाप त्याचे विषय झाले. लोटलीच्या तोर्क्वातो दे फिगेरेदो (१८७६–१९४८) यांचा 'आदेवस कोरचो वेळ पावलो' हा मांडो घ्या. निरोपाची वेळ आली आहे आणि काळजात धास्ती दाटली आहे, एवढाच त्याचा विषय आहे. त्यात कोणतेही पात्र नाही, प्रसंगाचे नाट्य नाही. गाणारा जे म्हणतो ते त्याचे स्वतःचे म्हणणे आहे असे धरूनच तो ऐकायचा असतो, आणि म्हणूनच गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत निरोपाच्या प्रसंगी लोक तो आजही आपले स्वतःचे शब्द असल्यासारखा गातात.

देखणीत याच्या नेमके उलट घडते. तिथे ख्रिस्ती रचनाकार आणि ख्रिस्ती गायिका स्वतः जी नाहीत अशा एका हिंदू स्त्रीची भूमिका घेतात. गाण्यातली 'हांव', म्हणजे 'मी', कलावंतीण आहे आणि ती गाणारी बाई कलावंतीण नाही. नदीचा काठ, होडी, नावाडी, पलीकडचा मांडव हे सगळे रंगमंचावरच्या प्रवेशासारखे मांडलेले असते आणि त्यातला संवाद अभिनय करूनच सादर करावा लागतो. जुन्या देखण्यांपैकी एक सत्तरीच्या राणे घराण्यातल्या कुष्टोबा नावाच्या पुरुषावर आहे. तिच्यात कलावंतीण नसली, तरी पाहणे तेच आहे: सासष्टी-बारदेशातल्या ख्रिस्ती वस्तीतून पलीकडच्या हिंदू मुलखातल्या माणसाकडे कुतूहलाने, थोड्या धाकाने आणि बऱ्याच आकर्षणाने पाहणे. देखणी हे दुसऱ्याचे चित्र आहे आणि मांडो हा स्वतःचा उद्गार आहे. हे एकदा मनात ठसले की पुढचा गोंधळ होत नाही.

इथूनच दुसरी एक चूक निघते, जी मला पहिलीपेक्षा अधिक बोचते. देखणी हे गोव्याच्या कलावंतांचे, देवळांतल्या गायिका-नर्तिकांचे मूळ गाणे आहे, असे बेधडक लिहिले जाते. तसे ते नाही. त्या समाजाचे स्वतःचे गाणे कसे होते हे जाणून घ्यायचे असेल, तर केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्याकडे जावे. केसरबाईंचा जन्म १८९२ साली फोंडा तालुक्यातल्या केरी गावचा, मोगूबाईंचा १९०४ साली आज साळावली धरणाच्या पाण्याखाली असलेल्या कुर्डी गावचा. दोघीही अल्लादिया खाँसाहेबांच्या तालमीत जयपूर-अत्रौली घराण्याची अवघड, पेचदार गायकी शिकल्या. केसरबाईंनी गायलेली भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या ध्वनिमुद्रिकेतून अंतराळात गेली. या दोघींचे गाणे आणि देखणी यांत सूर, लय, तालीम, भाषा, काहीही समान नाही. देखणीतली कलावंतीण ही ख्रिस्ती वाड्याच्या सोप्यावरून दिसलेली कलावंतीण आहे. ते चित्र सुंदर आहे आणि मला मनापासून आवडते, पण त्याला त्या बायकांचा स्वतःचा आवाज म्हणणे हा त्यांच्या विद्येवर अन्याय आहे.

बोलणारे माणूस बदलले की गाण्याची चालही बदलते. देखणी पाश्चात्त्य स्वरलेखनातल्या दोन-चारच्या (२/४) उडत्या ठेक्यात असते, कारण ती नाचणाऱ्या पायांसाठी बांधलेली आहे. मांडो सहा-चारच्या (६/४) संथ वजनात असतो. आपल्या कानाला दादऱ्याची सवय असल्याने सहा मात्रा म्हटले की धा-धी-ना धा-ती-ना सुरू होते. मांडोत तसे करून पाहिल्यास गाणे हातातून निसटते, कारण त्यात ओळीच्या शेवटी सूर लांबवला जातो, गाणारा श्वास घेतो आणि साथीदार त्याच्यासाठी थांबतात. मांडी थोपटून ज्या गाण्याला बिनचूक साथ करता येते, ते गाणे बहुधा देखणी असते.

त्याहून मोठी खूण आवाजांची आहे, आणि हिंदुस्थानी संगीतावर वाढलेल्या मराठी श्रोत्याच्या ध्यानात हीच सर्वांत उशिरा येते. मांडो दोन आवाजांत गायचा असतो. एक आवाज चाल गातो आणि दुसरा तिच्यापासून तिसऱ्या किंवा सहाव्या स्वराचे अंतर राखून समांतर चालतो. पहिला षड्जावर असेल तेव्हा दुसरा गंधारावर किंवा धैवतावर असतो. चर्चच्या शाळांतून पिढ्यान्पिढ्या स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकलेल्या समाजात हे सहज घडत असे. आपण मात्र मुख्य चालीच्या मागे लागतो आणि दुसऱ्या आवाजाला मागचा कोरस समजून सोडून देतो. तसे करू नये. दोन आवाजांतले अंतर कमीजास्त होत जाते, तिथे मांडोची व्याकुळता असते. एकट्या गायकाने ध्वनिवर्धकासमोर उभे राहून, कीबोर्डवरच्या तयार ठेक्यावर गायलेला मांडो मी मांडो मानत नाही, मग त्या गायकाचा गळा कितीही गोड असो.

घुमट दोन्हींत असतो, पण तो वाजवला जातो वेगळा. गोव्यातल्या हिंदू वाचकाला घुमट चवथीच्या आरतीमुळे ओळखीचा आहे: शामेळ हे चर्मवाद्य आणि कांसाळे ही झांज यांच्या जोडीला घरभर घुमणारा, मुलांच्या अंगात चेव आणणारा. भाजलेल्या मातीचे हे भांडे दोन्ही बाजूंनी उघडे असते. मोठ्या तोंडावर कातडे ताणून बांधतात आणि अरुंद तोंड डाव्या तळव्याने झाकत-उघडत आतली हवा कोंडतात आणि सोडतात, त्यातून तो गुंजणारा खर्ज निघतो. पूर्वी कातडे घोरपडीचे असे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ते वापरणे गुन्हा झाला आणि आता बकऱ्याचे कातडे लावले जाते. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. देखणीत उजव्या हाताची बोटे आरतीच्या जवळपास जाणाऱ्या उत्साहाने चालतात. मांडोत काम डाव्या तळव्याचे असते: थाप हलकी, गुंजन लांब आणि व्हायोलिनच्या सुराखाली दबलेले. आरतीच्या तयारीने मांडोला घुमट वाजवणारे वादक पाहिले की वाईट वाटते, कारण वाद्य तेच असले तरी तिथे मागितलेला संयम ते देत नाहीत.

मांडो म्हणजे फक्त प्रेमगीत, हाही समज सोडावा. २१ सप्टेंबर १८९० रोजी मडगावात निवडणुकीच्या वेळी सैनिकांनी जमावावर गोळीबार केला, माणसे मेली, आणि त्या तारखेनेच सुरू होणारा मांडो रचला गेला. त्यात शोक आहे, संताप आहे, पण बोलणारा समाज पुन्हा स्वतःचाच आहे. स्वतःच्या गावातल्या मृतांसाठी तो रडतो. त्यामुळे विषय राजकीय असूनही तो मांडोच राहतो.

दुलपदाचा गोंधळ किरकोळ आहे. मांडो संपता संपता लय वाढते आणि गावातल्या माणसांच्या खोड्या, लफडी, भांडणे सांगणारे सहा-आठमधले चटपटीत गाणे सुरू होते, ते दुलपद. दोन्ही एकामागून एक गायली जात असल्याने लोक त्याला मांडोचा शेवट समजतात. मांडो म्हणजे गोव्याचा फाडो असे म्हणणाऱ्यांनी मात्र एकदा दोन्ही लागोपाठ ऐकावेत: फाडो हे लिस्बनच्या गल्ल्यांत वाढलेले, एका गायकाच्या गळ्यावर आणि पोर्तुगीज गिटारीवर उभे असलेले गाणे आहे, आणि मांडोत ना ती गिटार आहे ना तो एकटेपणा. संगीतकार ख्रिस पेरी आणि गायिका लोर्ना यांची जॅझच्या अंगाने जाणारी कोकणी गाणीही मांडो नव्हेत. लोर्नासारखा आवाज कोकणीत दुसरा झाला नाही असे माझे ठाम मत आहे, पण ती गाणी ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनच्या जमान्यातली, मुंबईच्या क्लबांत शिकलेल्या वादकांची आहेत. त्यांना मांडो म्हणून ना लोर्नाचा मान वाढतो, ना मांडोचा.

ऐकायला सुरुवात करणाऱ्याने मांडो गायकवृंदाकडून ऐकावा, आणि पहिल्या वेळी चालीकडे मुद्दाम दुर्लक्ष करून फक्त खालचा आवाज धरून ठेवावा. तो एका कडव्यापुरता जरी हाती लागला, तरी पुढच्या मांडोत दोन्ही आवाज आपोआप वेगळे ऐकू येऊ लागतात. देखणीला असल्या तयारीची गरज नाही. तिथे नावाड्याचे उत्तर कान देऊन ऐकावे आणि गाणारीने कलावंतिणीची भूमिका खरोखर घेतली आहे, की केवळ ओळखीची चाल म्हटली आहे, एवढे पाहावे.