बीसीएल-२ प्रथिने

पेशीने जगायचे की मरायचे, याचा निर्णय ज्यांच्या हाती असतो असे प्रथिनांचे एक कुल. शरीराला नको झालेल्या किंवा डीएनए बिघडलेल्या पेशी ठरावीक क्रमाने स्वतःचा शेवट घडवून आणतात. याला नियोजित पेशीमृत्यू किंवा ॲपॉप्टोसिस म्हणतात. पानगळ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून केर, वायली आणि करी या शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये हे नाव रूढ केले. पेशी आक्रसते, तिचे तुकडे पडतात आणि भक्षक पेशी ते गिळतात. आसपास दाह होत नाही.

कुलाला नाव देणारे जनुक सापडले ते कर्करोगातच. फॉलिक्युलर लिम्फोमा या लसिका पेशींच्या कर्करोगात बहुतेक रुग्णांमध्ये १४व्या आणि १८व्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते. १९८०च्या दशकाच्या मध्यात त्सुजिमोतो आणि क्रोचे या शास्त्रज्ञांनी १८व्या गुणसूत्राच्या तुटीजवळचे हे जनुक ओळखले. प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशींमध्ये १४व्या गुणसूत्रावरील प्रतिपिंडाचे जनुक कायम जोमाने चालू असते. त्याच्या शेजारी येऊन पडल्यामुळे बीसीएल-२ प्रथिनही बेसुमार तयार होऊ लागते.

तोवर ठाऊक असलेली कर्कजनुके पेशींना विभाजनाला भाग पाडत. हेही त्यांतलेच, असे वाटणे स्वाभाविक होते. १९८८ मध्ये मेलबर्नमध्ये डेव्हिड व्हॉक्स, सुझान कोरी आणि जेरी ॲडम्स यांनी हे जनुक पेशींत घातले आणि त्या ज्या वाढघटकावर जगत होत्या तो काढून घेतला. पेशी मेल्या नाहीत, पण विभागल्याही नाहीत. गाठ केवळ नव्या पेशींच्या भराने नव्हे, तर जुन्या पेशी मरेनाशा झाल्यानेही वाढू शकते, हे या साध्या प्रयोगाने दाखवले. कर्करोगाच्या अभ्यासात त्याचे मोल फार मोठे आहे. अर्थात एकटे बीसीएल-२ सहसा पुरत नाही. ही अदलाबदल निरोगी माणसांच्या रक्तातील तुरळक पेशींतही आढळते. मिक सारख्या विभाजन वाढवणाऱ्या जनुकाची जोड मिळाली, की मात्र रोग उग्र होतो.

कुलात तीन गट आहेत. बीसीएल-२, बीसीएल-एक्सएल आणि एमसीएल-१ पेशीला तगवतात. बॅक्स आणि बॅक तिला मारतात. बिम, प्यूमा, नोक्सा ही आखूड प्रथिने पेशीवरच्या संकटाची वर्दी आणतात. डीएनएला इजा झाली, की पी५३ हे पहारेकरी प्रथिन प्यूमा आणि नोक्सा यांचे उत्पादन वाढवते. ती तगवणाऱ्या प्रथिनांच्या खाचेत जाऊन बसतात. तिथे अडकून पडलेले बॅक्स आणि बॅक मोकळे होतात आणि पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकेच्या (मायटोकॉन्ड्रियाच्या) बाह्य आवरणाला भोके पाडतात. आतले सायटोक्रोम सी हे प्रथिन बाहेर पडते, प्रथिने कापणारी कॅस्पेज विकरे जागी होतात आणि पेशीची आतून मोडतोड सुरू होते. अनेक कर्करोगांत पी५३ निकामी असते, त्यामुळे ही वर्दी पोचतच नाही. बरीचशी केमोथेरपीही शेवटी याच मार्गाने पेशी मारते. म्हणूनच हा मार्ग अडला, की औषधे बोथट होतात.

त्या खाचेत नेमके बसणारे रेणू औषध म्हणून घडवण्यात आले. आधीचे नॅव्हिटोक्लॅक्स बीसीएल-एक्सएललाही रोखत असे. प्लेटलेट्स त्याच प्रथिनावर तगून असल्याने त्यांची संख्या घटे. केवळ बीसीएल-२ला रोखणारे व्हेनेटोक्लॅक्स २०१६ मध्ये अमेरिकेत दीर्घकालीन लिम्फोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या काही रुग्णांसाठी मंजूर झाले. त्याने पेशी इतक्या झपाट्याने मरतात, की त्यांतून सुटलेले क्षार आणि आम्ले मूत्रपिंडांवर भार टाकतात. म्हणून या ल्युकेमियात मात्रा रोज २० मिलिग्रॅमपासून सुरू करून पाच आठवड्यांत ४०० पर्यंत नेतात. पुढे औषध लागू पडेनासे होऊ शकते: काही रुग्णांत बीसीएल-२च्या खाचेतच उत्परिवर्तन होते, तर काहींच्या पेशी एमसीएल-१चा आधार घेतात. एमसीएल-१ रोखणारी औषधेही तयार झाली, पण हृदयाच्या स्नायुपेशींनाही हे प्रथिन लागते. हृदयाला इजा झाल्याच्या खुणा दिसल्याने त्यांच्या काही चाचण्या थांबवाव्या लागल्या.