चिलटाला ऊन लागतं तेव्हा

यंदाच्या उन्हाळ्यात आमच्या बेळगावातल्या गल्लीच्या व्हॉट्सॲप गटावर एक मजकूर आला. रोज भर दुपारी अर्धा तास उन्हात बसा, शरीरातली झोपलेली जनुकं जागी होतात आणि आजार पळतात, असा. आधार म्हणून खाली माश्यांवरच्या एका प्रयोगाचा उल्लेख होता. प्रयोग खरा आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र खोटा आणि घातक आहे. मूळ प्रयोग इतका सुंदर आहे की तो नीट सांगायलाच हवा.

आधी माशी कोणती ते बघू. आंब्याला भोक पाडून आत अंडी घालते आणि जिच्यासाठी बागांत सापळे टांगतात, ती फळमाशी वेगळी. प्रयोगातली माशी म्हणजे ड्रोसोफिला. खानापूरचा फणस घरात फोडला की जरा वेळात गऱ्यांवर येऊन बसतं ते लाल डोळ्यांचं, दोन-तीन मिलिमीटरचं चिलट. 25 अंशांना अंड्यापासून माशी व्हायला याला साधारण दहा दिवस लागतात, म्हणून प्रयोगशाळेत ते फार लाडकं.

चिलटाच्या अळीच्या लाळग्रंथीत गुणसूत्रं प्रचंड जाड असतात. डीएनएच्या हजारभर प्रती शेजारी-शेजारी चिकटून राहतात, त्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकातही आडवे पट्टे दिसतात. जिथलं जनुक जोरात काम करतं, तिथला पट्टा फुगतो. इटलीत फेरुच्चो रितोसा नावाचे शास्त्रज्ञ हे फुगवटे बघत असताना कुणीतरी उबवणपेटीचं तापमान वाढवून ठेवलं. रितोसांना एरवी कधीच न दिसणारे फुगवटे दिसले. जीवशास्त्राच्या दृष्टीने याला महत्त्व नाही, असं सांगून एका नियतकालिकाने त्यांचा निबंध परत पाठवला. तो 1962 साली दुसरीकडे छापून आला. या जनुकांपासून बनणारी प्रथिनं 1974 मध्ये सापडली. त्यांतलं सर्वांत ठळक म्हणजे एचएसपी-70.

त्याचं काम काय? प्रथिनाचा धागा ठरावीक घड्या घालून बसलेला असतो. उष्णतेने घड्या सुटतात, आतले पाणी टाळणारे भाग उघडे पडतात आणि एकमेकांना चिकटून गोळे होतात. एचएसपी-70 त्या उघड्या भागांना धरून ठेवतं आणि पुन्हा घडी बसायला मदत करतं.

पण मला खरी ओढ आहे ती हे जनुक सुरू कसं होतं याची. जनुक वाचून त्याची आरएनए प्रत काढणारं यंत्र म्हणजे आरएनए पॉलिमरेज. आपल्याला वाटतं, बंद जनुकावर हे यंत्र नसतंच, गरज पडली की येतं. शास्त्रज्ञ जॉन लिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना 1980च्या दशकात वेगळंच दिसलं. माशी थंड, निवांत असतानाही एचएसपी-70च्या जनुकावर पॉलिमरेज आधीच बसलेलं असतं. एवढंच नाही, त्याने पहिली वीस ते चाळीस अक्षरं वाचलेलीही असतात, आणि तिथे ते थांबलेलं असतं. चोर्ला घाटाच्या चढावर क्लच अर्धा दाबून धरलेली गाडी असते ना, तसं. इंजिन चालू, गिअर पडलेला, फक्त पाय सोडायचा बाकी.

पॉलिमरेजला रोखून धरण्यात नेल्फ नावाच्या प्रथिनसंचाचा मोठा वाटा. सोडवणारा आहे एचएसएफ, हेही एक प्रथिनच. एरवी एचएसएफचे रेणू सुटे-सुटे असतात आणि एचएसपी-70 आणि त्याच्यासारखंच दुसरं प्रथिन एचएसपी-90 यांनीच त्यांना गुंतवून ठेवलेलं असतं. ऊन वाढलं, प्रथिनं बिघडू लागली की ही मंडळी तिकडे धावतात आणि एचएसएफ मोकळा होतो. त्याचे तीन-तीन रेणू एकत्र येतात आणि जनुकाच्या अलीकडे जीएए ही अक्षरं उलटसुलट पुन्हा-पुन्हा येतात त्या जागी घट्ट बसतात. मग पी-टेफबी हे विकर येतं, नेल्फवर आणि पॉलिमरेजच्या शेपटीवर फॉस्फेट चिकटवतं, नेल्फ गळून पडतं आणि पॉलिमरेज सुटतं. मागोमाग काही सेकंदांच्या अंतराने पुढची पॉलिमरेजं. अनेक जनुकांच्या प्रतीतून मधले तुकडे कापून टाकावे लागतात, तसे तुकडेही या जनुकात नाहीत. तापलेल्या पेशीत कापून जोडण्याचं काम बिघडतं, पण याची प्रत तशीच्या तशी वापरता येते.

एचएसपी-70 पुरेसं साठलं की तेच पुन्हा एचएसएफला धरतं आणि जनुक शांत होतं. या सगळ्यात डीएनएचं एक अक्षरही बदलत नाही.

आता त्या मजकुराकडे. एचएसपी-70 आणि एचएसएफ माणसातही आहेत, हे खरं. पण हे प्रथिन बनणं म्हणजे पेशीला इजा झाल्याची खूण. आणि जास्त बनलं म्हणजे जास्त भलं, असंही नाही. गरज नसताना ते बनवायला लावलं तेव्हा माशीच्या पेशींची वाढ मंदावली, असं सुझन लिंडक्विस्ट यांच्या गटाने 1992 मध्ये दाखवलं. जनुकाच्या जादा प्रती दिलेल्या अळ्यांचीही वाढ खुंटली आणि कमी अळ्या जगल्या. बेळगावात पारा 37 वर असताना उन्हात बसून माणसाला मिळेल तो उष्माघात. असा मजकूर पुढे पाठवणाऱ्याने घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा तरी विचार करावा.

चिलटाची गोष्ट वेगळी, त्याच्या अळीला पळताच येत नाही. मार्टिन फेडर यांनी अमेरिकेतल्या बागेत गळून पडलेली, उन्हाने तापलेली फळं तपासली, तेव्हा आतल्या अळ्यांत एचएसपी-70 खरोखरच बनलेलं होतं.

हे फुगवटे बघायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. लाळग्रंथीची गुणसूत्रं बीएस्सीच्या प्रात्यक्षिकात असतातच. चिलटं वाढवायच्या नळीच्या भिंतीवर चढलेली लठ्ठ अळी घ्या, 37 अंशांना अर्धा तास ठेवा, मिठाच्या द्रावणात ग्रंथी बाहेर काढा, ॲसिटो-ऑर्सिनने रंगवा आणि काचेखाली दाबा. तिसऱ्या गुणसूत्राच्या उजव्या भुजेवर 87ए आणि 87सी हे पट्टे जोडीने फुगलेले दिसतील, ती एचएसपी-70ची जागा. त्याच भुजेवर थोडं पुढे 93डी बघा. तोही उष्णतेने फुगतो, पण तिथल्या आरएनएपासून नेहमीसारखं प्रथिन बनत नाही, आरएनए स्वतःच काम करतो. बनारस हिंदू विद्यापीठात सुभाष चंद्र लखोटिया यांनी या एका फुगवट्यावर कित्येक दशकं काम केलं आहे.