आज गांजा, उद्या ब्राऊन शुगर? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

गोव्यात हणजूण, वागातोर किंवा हरमलच्या किनाऱ्यावर गांजा पकडल्याची बातमी आली की बार्देश-पेडण्यातल्या घरांत हमखास म्हटले जाते, आज गांजा, उद्या ब्राऊन शुगर, म्हणजे हलके हेरॉईन. आईबापांची ही धास्ती खरी आहे. पण गांजा ही नशेच्या शिडीची पहिली पायरी, हा समज आला कुठून?

अमेरिकेत गांजाबंदीसाठी झटणारे अमली पदार्थ खात्याचे प्रमुख हॅरी अ‍ॅन्स्लिंगर यांना १९३७ साली संसदीय समितीने थेट विचारले होते की गांजा ओढणारा पुढे अफू, हेरॉईन, कोकेनकडे वळतो का. त्यांनी नाही म्हणून सांगितले. १९४४ मध्ये न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांच्या समितीचा निष्कर्षही तोच होता. १९५१ मध्ये शिक्षा कडक करण्याचा कायदा आला, तेव्हा मात्र याच अ‍ॅन्स्लिंगरनी साक्ष फिरवली आणि हेरॉईनच्या आहारी गेलेल्या तरुणांची सुरुवात गांजापासून होते, असे सांगितले. शिडीची कल्पना तेव्हापासून राजकारणात रुजली.

शास्त्रीय चर्चेला वळण दिले ते अमेरिकी संशोधक डेनिस कँडेल यांच्या १९७५ च्या अभ्यासाने. किशोरवयीन मुले नशा कोणत्या क्रमाने करतात, हे त्यांनी मांडले. त्या क्रमात गांजाच्या आधी बिअर, वाइन, सिगारेट आणि कडक दारू येते. गोव्यात हे नीट वाचायला हवे. कोपऱ्याकोपऱ्यावर बार असलेल्या राज्यात पहिल्या पायरीची चर्चा थेट गांजापासून सुरू होते, हे मला पटत नाही. शिवाय एकापाठोपाठ एक घडले म्हणजे एकामुळे दुसरे घडले, असे होत नाही.

तरीही हा प्रश्न झटकून टाकता येत नाही. ऑस्ट्रेलियात जुळ्या भावंडांचा अभ्यास झाला, तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. जोडीतल्या एकाने १७ वर्षांच्या आत गांजा घेतला होता, दुसऱ्याने नाही. लवकर सुरुवात केलेल्यांमध्ये पुढे इतर नशा आणि व्यसन यांची शक्यता दोन ते पाच पटींनी अधिक दिसली. घर एकच, म्हणून हा पुरावा वजनदार आहे. मात्र हा परिणाम गांजाचा की त्यासोबत येणाऱ्या संगतीचा, हे त्यातून ठरत नाही, असे संशोधकांनीच नोंदवले.

संगतीइतकाच विक्रेताही महत्त्वाचा. नेदरलँड्सने १९७६ मध्ये नेमका हाच धागा पकडला. गांजा घेणाऱ्याची हेरॉईन विकणाऱ्याशी गाठच पडू नये, म्हणून दोन्ही बाजार वेगळे ठेवण्याचे धोरण त्यांनी आखले.

गोव्याचा इतिहास याच्या उलटा आहे. साठच्या दशकाच्या अखेरीस कळंगुट-हणजूणला हिप्पी आले, त्यांच्यासोबत चरस आणि भास घडवणाऱ्या एलएसडीचा व्यवहार वाढला. पुढे रेव्ह पार्ट्यांबरोबर एमडीएमए (एक्स्टसी) ही रासायनिक नशा आली. १९८५ चा एनडीपीएस हा अमली पदार्थविरोधी कायदा गांजा आणि चरसवर बंदी घालतो, भांगेची पाने मात्र त्याच्या व्याख्येबाहेर राहतात. प्रमाण ठरवताना कायदा फरकही करतो: ज्याला शिक्षा सौम्य आहे ते अल्प प्रमाण म्हणजे गांजा १ किलो, चरस १०० ग्रॅम, हेरॉईन ५ ग्रॅम. किनाऱ्यावरच्या विक्रेत्याला मात्र हा फरक नसतो. एकाच संशयिताकडे गांजा, एलएसडी आणि एमडीएमए सापडल्याच्या बातम्या आपण सतत वाचतो. गोव्यात शिडी असलीच तर ती मला या व्यवहारात दिसते, झाडात नाही.

डिसेंबर २०२० मध्ये औषधी वापरासाठी गांजाच्या मर्यादित लागवडीचा प्रस्ताव राज्याच्या कायदा खात्यापर्यंत पोहोचला. विरोध झाला आणि सरकारने तो पुढे नेला नाही. तो प्रस्ताव औषधांपुरता होता. पंधरा वर्षांच्या पोराच्या हाती पहिली नशा कोण ठेवतो, याच्याशी त्याचा संबंध नव्हता, आणि वाद मात्र बराचसा त्याच धास्तीने लढला गेला.