हरभऱ्याएवढी खडी आणि बाराशे किलोमीटर

लूदेआक हे फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातलं गाव. ऑगस्ट 2019 मध्ये त्या गावाच्या थोडं अलीकडे मी रस्त्याच्या कडेला सायकल टेकवली, तेव्हा पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस या सायकल राइडसाठी पॅरिसजवळच्या रांबुयेहून निघाल्यापासून चारशेपेक्षा जास्त किलोमीटर झाले होते. पाय ठीक होते, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालं होतं. या दोन बोटांची नस तळहाताच्या टाचेतून जाते आणि हँडलवर तासन्‌तास हात टेकले की नेमकी तीच दाबली जाते. त्यात रस्ता खालून सतत गुरगुरत होता. तो खराब नव्हता, एकही खड्डा नव्हता. पण डांबरात रुतलेली खडी वर डोकावत होती, हरभऱ्याएवढी, एकसारखी, नजर पोचेल तिथपर्यंत. बाजूला पिवळ्या टोपीचा किलोमीटरचा दगड होता. तिथे बसून मी दोन्ही चाकांच्या व्हॉल्व्हची बारीक चकती सैल केली आणि हवा सोडली. शंभर पीएसआयच्या जागी अंदाजे सत्तर राहिली असेल. पुन्हा निघालो तेव्हा गुरगुर कमी झाली होती. पण मला नवल वाटलं ते वेगाचं, कारण तो घटला नव्हता. त्याच जोरात पॅडल मारताना उलट किंचित वाढल्यासारखा वाटत होता.

पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस ही राइड दर चार वर्षांनी होते. 1,200 किलोमीटर, जास्तीत जास्त 90 तास. त्याच वर्षी 200, 300, 400 आणि 600 किलोमीटरच्या बीआरएम, म्हणजे ठरावीक वेळेत संपवायच्या लांब पल्ल्याच्या राइड, पूर्ण केल्याशिवाय प्रवेश नाही. भारतातून आता शेकडो जण जातात आणि त्यात पुणे, मुंबई, नाशिकची मंडळी बरीच असतात. आपल्याकडच्या बीआरएम बहुतेक हायवेवर होतात, तिथे डांबर गुळगुळीत आणि शत्रू म्हणजे ट्रक. फ्रान्समध्ये ट्रक दिसतच नाहीत. रात्री दोन वाजता शेतांमधून जाणाऱ्या रस्त्यावर पुढच्या सायकलचा लाल दिवा आणि स्वतःच्या साखळीचा आवाज, एवढंच सोबतीला.

असे रस्ते तिथे इतके आले कुठून? फ्रान्समध्ये एकूण सुमारे अकरा लाख किलोमीटर रस्ते आहेत आणि त्यातले जवळजवळ सात लाख गावांच्या मालकीचे आहेत. 1836 च्या कायद्याने गावांना जोडणाऱ्या वाटांची देखभाल त्या त्या गावावर सोपवली. गावकऱ्यांनी वर्षाला ठरावीक दिवस अंगमेहनत करायची, नाहीतर तेवढे पैसे भरायचे. त्या काळी खेड्यांत माणसं भरपूर होती. विसाव्या शतकात ती शहरांकडे गेली, जड वाहतूक मोठ्या महामार्गांनी उचलली, आणि बैलगाडीच्या काळात आखलेलं हे दाट जाळं जवळपास मोकळं पडलं. फ्रान्समध्ये आजही सुमारे पस्तीस हजार नगरपालिका-ग्रामपंचायती आहेत. पुष्कळ ठिकाणी वस्ती काही शेकड्यांची आणि जबाबदारी कित्येक किलोमीटर रस्त्यांची.

त्या खडीचं कारण हेच. एवढ्या लांबीवर जाड डांबरी थर टाकणं छोट्या गावाला परवडत नाही. म्हणून उन्हाळ्यात जुन्या रस्त्यावर पातळ डांबर फवारतात, त्यावर बारीक खडी पसरतात, रोलर फिरवतात आणि उरलेलं काम येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांवर सोडतात. पाणी आत मुरत नाही, पकड चांगली राहते, खर्च कमी येतो. रस्त्याच्या दृष्टीने उत्तम उपाय आहे. त्याची किंमत मोजतो सायकलस्वार.

ती किंमत कशी वसूल होते ते पाहण्यासारखं आहे. टायर जमिनीला टेकतं ती जागा फार लहान असते. मागच्या चाकावर पन्नास किलो भार आणि शंभर पीएसआय हवा असेल तर टेकणारा तुकडा साधारण सात चौरस सेंटीमीटरचा, दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा. साठ पीएसआयला तो बारा चौरस सेंटीमीटर होतो. चाक फिरताना रबराचा हा तुकडा सतत दबतो आणि सुटतो. दबताना घेतलेली ऊर्जा रबर सगळी परत करत नाही, थोडी उष्णतेत जाते. त्यामुळे सरळ हिशोब असा मांडला गेला की हवा जास्त, तर दबणं कमी, तर नुकसान कमी. प्रयोगशाळेत गुळगुळीत पोलादी रोलरवर टायर फिरवून मोजलं तेव्हाही हेच दिसलं. कित्येक वर्षं शर्यतीचे सायकलस्वार 23 मिलिमीटरचे टायर दगडासारखे टणक फुगवून चालवत होते ते याच भरवशावर.

रोलरवर दोन गोष्टी नव्हत्या, खडी आणि माणूस. ताशी 25 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सात मीटर. एवढ्या वेळात चाकाखालून खडीचे शेकडो दाणे जातात. टायर मऊ असेल तर दाणा रबरात शिरतो, रबर त्याला वळसा घालतं आणि सायकल आपल्या उंचीवर सरळ पुढे जाते. टायर टणक असेल तर दाणा आत शिरत नाही, सायकलच उचलली जाते. उचल केसाएवढीच असते, पण पुढे नेण्यासाठी दिलेल्या ऊर्जेचा एक वाटा वर गेलेला असतो. तो परत मिळत नाही, कारण तो हादरा सायकलमधून तळहात, मांड्या, पाठ अशा शरीराच्या मऊ भागांत जातो आणि तिथेच मुरतो. आपलं शरीर हे त्या सायकलचं शॉकअॅब्सॉर्बर होतं. बधिर बोटं आणि गमावलेले वॉट ही एकाच कारणाची दोन टोकं आहेत. म्हणून खडबडीत रस्त्यावर हवेची एक मर्यादा असते. तिच्यापुढे पंप मारला की सायकल जड होत जाते. टणक टायर वेगवान वाटतं, कारण आपण हादऱ्यांनाच वेग समजतो.

या वाटांवर फिरणाऱ्या फ्रेंच माणसांना हे आधीपासून ठाऊक होतं. शर्यतीत न उतरता लांब पल्ला गाठणाऱ्यांसाठी तिथे 42 मिलिमीटरच्या आसपास रुंदीचं, पातळ लवचिक बाजूंचं एक टायर होतं. त्याचं नावच ‘डेमी-बालाँ’, अर्धा फुगा. रुंद टायरमध्ये कमी दाबही पुरतो आणि टेकणारा तुकडा लांबट न होता आडवा पसरतो, म्हणून टायरच्या बाजू कमी वाकतात. अलीकडे व्यावसायिक शर्यतींतही 23 चे 25, मग 28 आणि आता 30 मिलिमीटर झाले आहेत. खेड्यातल्या वाटेवरचं शहाणपण शर्यतीत पोचायला एवढा वेळ लागावा याची मला खरोखर खंत वाटते, कारण मधल्या पिढ्यांनी विनाकारण हात बधिर करून घेतले.

हवा भरलेल्या टायरची मोठी जाहीर परीक्षा झाली तीही याच मार्गावर. 1891 मध्ये पहिली पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस शर्यत झाली, तेव्हा फ्रेंच सायकलपटू शार्ल तेरों मिशेलिन बंधूंच्या नव्या टायरवर बसून धावला. आधीचे टायर रिमला चिकटवलेले असत, पंक्चर काढायचं म्हणजे तासांचं काम. मिशेलिनचं टायर काढता येत होतं. तेरोंने 71 तास 22 मिनिटांत, न झोपता, शर्यत जिंकली.

आता चढ. या मार्गावर एकही जागा चारशे मीटर उंच नाही. ब्रिटनीतला रोक ट्रेवेझेलचा माथाही त्याच्या खालीच. तरी एकूण चढाई सुमारे बारा हजार मीटर भरते. रस्ता ओढ्यात उतरतो, पूल ओलांडतो, चढतो, गाव येतं, पुन्हा उतरतो, आणि हे बाराशे किलोमीटर चालतं. नवख्या माणसाला वाटतं की जेवढा चढ तेवढाच उतार, म्हणजे हिशोब मिटला. तो मिटत नाही. सायकलसह 85 किलो वजनाचा माणूस 150 वॉट जोर लावत असेल तर सपाटीवर तो अंदाजे ताशी 28 ने जातो, म्हणजे दोन किलोमीटरला सव्वाचार मिनिटं. तेच दोन किलोमीटर एक किलोमीटर पाच टक्के चढ आणि एक किलोमीटर तेवढाच उतार असे असतील, तर चढाला ताशी 11 च्या वेगाने साडेपाच मिनिटं लागतात. उतारावर वेग पन्नासच्या पुढे जातो आणि सव्वा मिनिटात किलोमीटर संपतो. एकूण पावणेसात मिनिटं. चढावर साठवलेली ऊर्जा उतारावर वेगाच्या रूपाने परत येते खरी, पण तेवढ्या वेगात हवाच ती खाऊन टाकते.

त्यातही एक बारकावा आहे आणि माझं सगळ्यात जास्त लक्ष तिथेच असायचं. ताशी पन्नासने धावणाऱ्या सायकलकडे जवळपास दहा मीटर चढून जाण्याइतकी गती शिल्लक असते, तीन मजली घराएवढी. हवेने त्यातलं काही घेतलं तरी समोरच्या चढाचा पहिला तुकडा फुकट मिळायला हवा. पण ओढ्यावर अरुंद पूल असतो आणि पुलाच्या तोंडाशी वळण. ब्रेक दाबला की ते तीन मजले रिममध्ये किंवा डिस्कमध्ये उष्णता होऊन विरतात. एकदा उतरल्यावर मी रिमला बोट लावून पाहिलं, चटका बसला.

अशा रस्त्यावर एकाच गिअरने काय हाल होत असतील! सें-एतियेनचे पॉल द व्हिव्ही, टोपणनाव व्हेलोसिओ, यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी गिअर बदलण्याच्या यंत्रणेसाठी लेखणी आणि पाय दोन्ही झिजवले. गावाजवळचा 1,161 मीटरचा कोल द ला रेपुब्लिक हा घाट त्यांची कसोटीची जागा, आज तिथे त्यांचं स्मारक आहे. टूर द फ्रान्समध्ये मात्र 1937 पर्यंत डिरेल्युअरला, म्हणजे साखळी एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या यंत्रणेला, परवानगी नव्हती. चढ आला की खाली उतरून मागचं चाक उलटं लावायचं, दुसऱ्या बाजूला मोठी चक्री असायची. एका फेरीत पाच मीटर नेणाऱ्या गिअरवर ताशी 11 चा वेग म्हणजे मिनिटाला जेमतेम 37 फेऱ्या, प्रत्येक फेरीत गुडघ्यावर पूर्ण भार. माझ्या सगळ्यात हलक्या गिअरमध्ये एका फेरीला दोन मीटरच्या वर थोडंसं अंतर कटतं, त्यामुळे त्याच वेगाला मी 85 च्या आसपास फेऱ्या मारत होतो. काम तेवढंच, पण स्नायूवर एका वेळी येणारा ताण निम्म्याहून कमी.

ब्रेस्त पश्चिमेला आहे आणि तिथले वारेही बहुतेक पश्चिमेकडून येतात. शांत हवेत ताशी 20 ने जायला सुमारे 67 वॉट लागतात. समोरून ताशी 15 चा वारा आला की त्याच वेगाला 147. पॅरिसबाहेरच्या गव्हाच्या उघड्या मैदानांत हा फरक पायांना लगेच कळतो. पुढे नॉर्मंडी आणि ब्रिटनीत मातीच्या बांधांवर ओक, हेझल, काटेरी झुडपांची दाट कुंपणं लागतात, त्या मुलखाला बोकाज म्हणतात. असं कुंपण स्वतःच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत वारा मंद करतं आणि भिंतीपेक्षा चांगलं करतं. भिंतीवरून वारा उसळून मागे भोवरे करतो, झुडपातून तो गाळून येतो. 1960-70 च्या दशकांत जमिनींचं एकत्रीकरण करताना यांतली पुष्कळ कुंपणं उपटली गेली. ट्रॅक्टरला सोय झाली, पण माती वाहून गेली, पाखरं गेली. तो तोटा मला तिथल्या अंधारात अंगावर जाणवला. डावीकडचं कुंपण जिथे तुटे तिथे गालावर वारा आदळे, पुन्हा सुरू झालं की थांबे.

तिसऱ्या पहाटे तापमान एक आकडी झालं. रात्री जमीन उष्णता आकाशात सोडते, तिला लागलेली हवा गार आणि जड होऊन दरीत साचते. त्यामुळे ओढ्याजवळ उतरताना थंड पाण्यात शिरल्यासारखं होई आणि चढताना मध्येच ऊब लागे. पुलाच्या दोन-तीनशे मीटर आधी जॅकेटची चेन वर ओढायची, हे दोन रात्रींत अंगवळणी पडलं होतं.

ब्रेस्तहून परतताना वारा पाठीशी होता. पिवळ्या टोपीचा तो दगड या वेळी रस्त्याच्या पलीकडे दिसला. मी पुन्हा थांबलो, केळं खाल्लं, मागचं टायर अंगठ्याने दाबून पाहिलं. होतं तेवढंच मऊ होतं. करंगळीला स्पर्श कळू लागला होता.