गुडघा सुजला, एएसओ पॉझिटिव्ह आला: ऱ्हुमॅटिक फिव्हर की जेआयए?

"मॅडम, एएसओ पॉझिटिव्ह आलाय. पोराच्या हार्टला काही झालं नाही ना?"

मी पॅथॉलॉजिस्ट. तालुक्याच्या गावात लॅब चालवते. एएसओ ही घशाच्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूचा संसर्ग होऊन गेला का हे सांगणारी रक्ततपासणी, आणि हा प्रश्न महिन्यातून दोन-तीनदा तरी माझ्यासमोर येतो. काउंटरवर निदान सांगू नये, म्हणून मी "डॉक्टरांना दाखवा" म्हणते. पण तोच रिपोर्ट, तीच धास्ती आणि मागोमाग दर २१ दिवसांचे तेच पेनिसिलिनचे इंजेक्शन किती वर्षे बघायचे? म्हणून आज सविस्तर लिहिते.

ऱ्हुमॅटिक फिव्हर तुम्हाला माहीत असेलच. स्ट्रेप्टोकॉकसने घसा धरतो, दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, सांधे दुखतात, काहींच्या हृदयाच्या झडपा खराब होतात. पेनिड्युअरची, म्हणजे लांब पल्ल्याच्या पेनिसिलिनची, सुई वर्षानुवर्षे घेणारे कुणी ना कुणी प्रत्येकाच्या ओळखीत असते. पुढे जाऊ.

जेआयए, म्हणजे जुव्हेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस, मात्र फारसा कुणाला ठाऊक नसतो. वयाच्या १६ वर्षांआधी सुरू झालेली, निदान ६ आठवडे टिकलेली आणि दुसरे कारण न सापडलेली सांध्याची सूज, अशी त्याची व्याख्या. "लहान मुलांना कुठे संधिवात होतो?" म्हणणाऱ्यांना सांगते, जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांनी लंडनमधल्या अशा मुलांचे वर्णन १८९७ साली केले आहे. पूर्वी याला जेआरए, म्हणजे जुव्हेनाइल रुमेटॉइड आर्थ्रायटिस, म्हणत. त्यातला 'आर' रुमेटॉइडचा, म्हणून आजही मुलांची आरए फॅक्टर (मोठ्यांच्या रुमेटॉइड संधिवातासाठीची रक्ततपासणी) करतात आणि ती निगेटिव्ह आली की "संधिवात नाही" म्हणून मोकळे होतात. जेआयएच्या बहुतेक मुलांत आरए फॅक्टर निगेटिव्हच असतो. नाव बदलूनही पाव शतक उलटले. चिठ्ठीवर जेआरए दिसले की माझे डोके फिरते.

आता मूळ घोळ. एएसओची स्लाइड टेस्ट कशी होते ते बघा. काळ्या स्लाइडवर सीरमचा एक थेंब, शेजारी दुधासारख्या लॅटेक्सचा, म्हणजे सूक्ष्म कणांच्या द्रावणाचा, एक थेंब. काडीने दोन्ही ढवळायचे आणि स्लाइड हातात धरून दोन मिनिटे हलवत राहायची. सीरममध्ये स्ट्रेप्टोकॉकसच्या विषाविरुद्धची प्रतिद्रव्ये पुरेशी असली, तर दूध फाटल्यासारख्या गुठळ्या दिसतात. आमच्या किटमध्ये ही रेघ २०० युनिटवर आहे. सीरम पातळ करत गेले की ४००, ८०० असे अंदाज मिळतात. टेस्ट एवढीच. यात हृदय कुठे आले? सांधा तरी कुठे आला?

गुठळी एकच गोष्ट सांगते: या मुलाच्या शरीराची कधीतरी मागे स्ट्रेप्टोकॉकसशी गाठ पडली होती. घसा धरल्यावर हा आकडा तीन ते पाच आठवड्यांत शिखरावर जातो आणि उतरायला कित्येक महिने घेतो. एका बाकावर तिघे बसणाऱ्या शाळकरी मुलांत असा घसा नेहमीचाच, त्यामुळे ठणठणीत मुलाचा एएसओही २०० च्या वर सहज निघतो. पावसाळ्यात वर्गातली वीस मुले माझ्याकडे पाठवा, काहींच्या स्लाइडवर गुठळ्या दिसतीलच. त्यांना काय, रांगेत उभे करून पेनिसिलिन टोचायचे?

उलटही खरे. ऱ्हुमॅटिक फिव्हर असलेल्या साधारण पाचातल्या एका मुलात एएसओ वाढलेला नसतो. हातपाय वेडेवाकडे उडणारा कोरिया तर घशानंतर काही महिन्यांनीही येतो. तोवर आकडा खाली उतरलेला असू शकतो.

अमेरिकन डॉक्टर टी. डकेट जोन्स यांनी १९४४ साली ऱ्हुमॅटिक फिव्हरच्या निदानाचे निकष मांडले. ते पुढे अनेकदा सुधारले गेले, पण स्ट्रेप्टोकॉकसचा पुरावा आजही त्यात आधारापुरताच आहे. आधी हृदय, सांधे, कोरिया, त्वचेवरच्या खुणा या मोठ्या निकषांतले काही हवे. २०१५ च्या सुधारणेत जास्त धोक्याच्या भागांसाठी निकष सैल झाले आणि एकाच सांध्याची सूजही मोठा निकष म्हणून धरता येऊ लागली. आपल्यासारख्या देशांसाठी ते योग्यच आहे. पण त्यामुळे सांधा नीट बघण्याची जबाबदारी वाढली.

ऱ्हुमॅटिक फिव्हरचा सांधा पाहुण्यासारखा असतो. आज गुडघा, परवा घोटा, मग मनगट. जुना सांधा सुटतो तोवर नवा धरला जातो. दुखणे मात्र भयंकर, चादर लागली तरी मूल ओरडते. अ‍ॅस्पिरिन किंवा नॅप्रोक्सेन दिले की दोन-तीन दिवसांत जादूसारखा उतार पडतो. (म्हणूनच निदान ठरायच्या आत ही गोळी देऊ नये. सांध्यांचा प्रवास मध्येच थांबतो आणि मग कुणालाच काही कळत नाही.) सांधे पुढे पूर्ववत होतात, मागे राहते ती झडप.

जेआयएचा सांधा भाडेकरूसारखा, एकदा आला की हलत नाही. तोच गुडघा सहा आठवडे, सहा महिने सुजलेला. आणि दुखणे किती? पुष्कळदा नाहीच! मूल तक्रार करत नाही, फक्त लंगडते. सकाळी उठल्यावर आखडलेले असते, जिना बसून उतरते. अकरा वाजता ओपीडीत पोचेपर्यंत सगळे मोकळे होते आणि ते डॉक्टरांसमोर पळत सुटते. माझे आईवडिलांना एकच सांगणे: सकाळी सातला, मूल अंथरुणातून उठताना, मोबाइलवर व्हिडिओ काढा. आमच्या तीनशे-चारशे रुपयांच्या 'आर्थ्रायटिस प्रोफाइल'पेक्षा तो जास्त उपयोगी पडतो. माझ्याच धंद्यावर पाय देऊन हे सांगते आहे.

(रोज ठरावीक वेळी चढणारा ताप आणि त्याबरोबर उमटणारे गुलाबी पुरळ, हा जेआयएचा वेगळा प्रकार. त्याचा घोळ वेगळा, तो पुन्हा कधीतरी.)

गल्लत झाली तर काय बिघडते? माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीचा उजवा गुडघा सुजलेला होता आणि एएसओ ४००. तेवढ्यावर तिला दीड वर्ष पेनिड्युअर टोचले. गुडघा तसाच. शेवटी उजवा पाय डाव्यापेक्षा लांब झाल्याचे आईच्या लक्षात आले, सलवारीच्या शिवणीवरून. सुजलेल्या गुडघ्याशी रक्तपुरवठा वाढून हाड जास्त वाढते. एएनए (जेआयएत डोळ्यांना धोका किती हे सुचवणारी रक्ततपासणी) पॉझिटिव्ह निघाली, आणि तेव्हा कुठे डोळे तपासले. या मुलांच्या डोळ्यांत आतून सूज येते; डोळा लाल होत नाही, दुखत नाही, नजर मात्र जाते. तीन-तीन महिन्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे स्लिट लॅम्प या सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागते. मेथोट्रेक्सेट हे औषध जेआयएच्या मुलांना लागू पडते हे १९९२ च्या अमेरिका-सोव्हिएत संयुक्त चाचणीतच दिसले होते. दीड वर्ष तिला ते मिळाले नाही.

त्या सुईवर माझा राग नाही, हेही स्पष्ट करते. उगांडात ८१८ मुलांवर चाचणी झाली, निष्कर्ष २०२१ मध्ये आले. छुपा झडपरोग असलेल्या या मुलांना दोन वर्षे दर चार आठवड्यांनी पेनिसिलिन दिले, तर आजार बळावला फक्त ०.८ टक्क्यांत, न दिलेल्यांत ८.२ टक्क्यांत. पण ती मुले शोधली होती इकोने, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीने. एएसओने नव्हे.

मध्यंतरी मी रिपोर्टवर एएसओखाली एक ओळ छापायला लागले: 'हा आकडा पूर्वीच्या संसर्गाचा आहे, केवळ यावरून ऱ्हुमॅटिक फिव्हरचे निदान होत नाही.' आठवड्याभरात एका डॉक्टरांचा फोन आला, पेशंट आता इंजेक्शन घ्यायला कुरकुरतात म्हणून. मी विचारले, "इको केला का?" ते म्हणाले, बघतो. ओळ अजून छापते आहे, फक्त अक्षर थोडे मोठे केले आहे.